तलावाकडचा सुरुंग

सुरुंगाचा आवाज आला तेव्हा पुष्पांजली कापगते खदानीपासून बरीच दूर होती, आणि तो कानावर पडताक्षणी तिला कळलं की हा आपला सुरुंग नव्हे.

तिचा सुरुंग असा वाजत नसे. तो गडगडत जायचा, भरलेली मालगाडी पुलावरून जावी तसा. हा एकच दणका होता. स्कुटीच्या चाकाखालचा रस्ता हलला, भाताच्या बांध्यांमधले बगळे एकदम उठले. तिनं करकचून ब्रेक दाबला आणि रस्त्यात उभी राहूनच शिवी हासडली. बाजूनं जाणारा सायकलवाला दचकून वळून बघायला लागला.

राग सकाळपासूनच होता. खदानीचे मालक दुर्गाप्रसाद सेठ यांनी तिला गोंदियाला पाठवलं होतं. सरकारी कार्यालयात खदानवाल्यांची बैठक आहे, इंजिनियरनंच हजर राहायला पाहिजे, असं सांगून. ती भल्या सकाळी सौंदडला स्कुटी लावून बसनं गेली. तिथं दारातला शिपाई म्हणाला, "मीटिंग? कैसी मीटिंग, मॅडम? आज तर साहेबच दौऱ्यावर आहेत." तिनं सेठला फोन लावला. सेठ हसला. "अरे, तारीख बदल गई होगी, बेटा. अब गई हो तो आराम से आना. मार्केट-विर्केट कर लो."

आराम से आना! दुर्गाप्रसाद सेठनं आजवर कुणाला आरामात ये म्हटल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. आता तो दणका ऐकल्यावर कसलीच शंका उरली नाही. तिला मुद्दाम बाहेर काढलं होतं.

तेंदूटोल्याची खदान काळ्या दगडाची. पुष्पांजली तिथं रुजू झाली तेव्हा खदानीची अवस्था बघवत नव्हती. भोकं पाडायची अंदाजानं, बारूद ठासायचा हात सैल सोडून, आणि भोकाचं तोंड बुजवायचं ड्रिलच्याच भुशानं. भुसा काय धरून ठेवणार? वायू वरून निसटायचा, दगड आभाळात जायचे आणि खाली बैलगाडीएवढे धोंडे तसेच उभे राहायचे. मग दिवसभर ते धोंडे फोडत बसायचं. तिकडं क्रशर तोंड वासून रिकामा. एकदा एक दगड उडून थेट गावात शांतीबाईच्या घरावर पडला होता. छपराचे कवेलू फोडून चुलीपाशी. शांतीबाई तेव्हा नळावर गेली होती, म्हणून आज जिवंत होती.

पुष्पांजलीनं ते सगळं बदललं. किती अंतरावर भोक, किती खोल, कुठल्या दगडाला किती बारूद, हे तिनं दगड बघून बघून बसवलं. भोकांची तोंडं ती बारीक गिट्टीनं ठासून बंद करायला लागली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, सगळी भोकं एकदम उडवणं तिनं बंद केलं. टाइमवाल्या टोप्या, म्हणजे क्षणाक्षणाच्या अंतरानं पेटणारे डिटोनेटर, आणल्या. पुढची रांग आधी फुटायची, दगड पुढं सरकून जागा व्हायची, मग पापणी लवते न लवते तोच मागची रांग. गावात सभा झाली तेव्हा तिनं लोकांना साधं करून सांगितलं होतं, "लग्नाच्या मांडवातून सगळे एकदम पळाले तर मांडवच पडते. एकामागं एक निघाले तर मांडवाले काही होत नाही. हादऱ्याचं तसंच आहे जी."

शांतीबाईनं त्यावर विश्वास ठेवला नव्हता. पहिल्या नव्या सुरुंगाच्या दिवशी तिनं अंगणात पाण्यानं भरलेली परात ठेवली आणि राखण केल्यासारखी बसून राहिली. पाण्यावर नुसती एक सुरकुती आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी शांतीबाई स्वतःच खदानीच्या फाटकावर आली. "पोरी, काल उडवलं का नाई? मले तं समजलंच नाई."

त्या दिवसापासून गाव शांत झालं. क्रशर पोटभर खायला लागला, डिझेल कमी जळायला लागलं, माल जवळपास दुप्पट निघायला लागला. सेठ दुसऱ्या खदानवाल्यांना बोलावून बोलावून दाखवायचा, "हमारी इंजिनियर! कोहळ्यांची बेटी है, पत्थर से बात करती है."

कोहळ्यांची होती म्हणूनच तलावाचं तिला कळत होतं. या भागातले तलाव तिच्याच जातीच्या पूर्वजांनी बांधलेले. तेंदूटोल्याचा तलाव खदानीला लागूनच होता. मधे दगडाचा एक उंचवटा, आणि त्यापलीकडं तलावाची मातीची पाळ. त्या उंचवट्यातला दगड खदानीतला सगळ्यात चांगला. एकसंध, वर मातीचा थर नाही. सेठचा डोळा त्याच्यावर पहिल्यापासून होता. पण पुष्पांजलीनं साफ सांगितलं होतं, धान निघेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात तलाव उतरला की थोडा थोडा काढू, तोही गावाला विचारून. आणि हे तिनं शांतीबाईच्या ओसरीवर बसून, चार माणसांदेखत गावालाही सांगितलं होतं. शांतीबाई तलावाच्या पाणीवाटप समितीत होती. ती एवढंच म्हणाली होती, "तू म्हनतेस म्हनून."

आता स्कुटी पळवताना पुष्पांजलीच्या कानात तेच तीन शब्द वाजत होते.

फाटकातून आत शिरली तर समोर सेठ मोबाइलवर व्हिडिओ काढत उभा. चेहरा फुललेला. "आओ, आओ! देखो बेटा, एक भी बोल्डर नहीं!"

आणि ते खरं होतं. तलावाकडचा तो उंचवटा जागेवर नव्हता. त्याच्या जागी फुटलेल्या दगडाचा प्रचंड ढीग पसरला होता. सारखा, नेटका फुटलेला, क्रशरच्या तोंडात मावेल असा. तिच्याच आखणीनं फुटलेला. त्यानं ती आणखीच पेटली.

"टाइमवाल्या टोप्या कुठून आणल्या?" तिनं विचारलं. "स्टोअरमध्ये एकही नव्हती. मी कालच पाहिलं."

"माल आया नहीं था. हफ्ता लगता. हायवे के ठेकेदार को गिट्टी चाहिए, वो रुकता क्या?" सेठनं मोबाइल खिशात घातला. "भोजराजने एक ही बारूदवाली कॉर्ड से सब जोड दिया. पॅटर्न तो तुम्हारा ही है ना?"

भोजराज बाजूलाच उभा होता. सुरुंग भरणारा मुख्य माणूस. परवाना त्याच्या नावाचा, सराव जुना आणि गेल्या दोन वर्षांत तिच्याकडून सगळं नवं शिकलेला. तो हेल्मेट हातात धरून त्याच्या पट्ट्याशी खेळत होता. तिच्याकडं बघत नव्हता.

"भोजराजभाऊ," ती म्हणाली, "सगळी भोकं एकदम?"

तो काही बोलायच्या आत पाळीकडून आरडाओरड ऐकू आली.

ती धावत सुटली. पाळीवर चढून तिनं शेतांच्या बाजूला पाहिलं. तलावाचं पाणी शेतांना सोडायला पाळीच्या पोटातून दगडी वाट काढलेली असते, तिला इकडं तुडूम म्हणतात. दणक्यानं त्या तुडमाचे दगड आतल्या आत सरकले होते. बंद तुडमातून पाणी धो धो बाहेर पडत होतं, आणि ते पाणी लाल होतं. नितळ पाणी झिरपलं तर घाबरायचं नाही, गढूळ आलं तर पाळ आतून खाल्ली जाते आहे, हे कोहळ्याच्या घरात पोराला चालता येण्याआधी कळतं.

खाली बांध्यांमध्ये लवकर येणारं हलकं धान कापून पडलेलं होतं. कापलेल्या धानाच्या कडपा वाळायला ठेवलेल्या. त्या कडपा पाण्यावर तरंगत एकमेकींवर चढत होत्या. बायका गुडघाभर पाण्यात शिरून त्या कवळ्याकवळ्यानं बांधावर फेकत होत्या. त्याच्याही पुढं उशिरा येणारं भारी धान उभं होतं, त्याला अजून एक पाणी लागणार होतं. ते पाणी आता नाल्याच्या वाटेला लागलं होतं.

शांतीबाईनं तिला पाहिलं. पदर खोचलेला, कोपरापर्यंत चिखल. ती पाळ चढून वर आली, पुष्पांजलीचं मनगट धरलं आणि तिला ओढतच कडेला नेलं.

"पाह्य. पाह्य इकडं! हे पानी नाई वाहून राहिलं, हे तुई जबान वाहून राहिली."

"मावशी, मी इथं नव्हती. मले गोंदियाले—"

"कायले सांगतेस? तुया खदानीनं केलं ना? तुयाच शिकवल्या मानसानं केलं ना?" शांतीबाईनं मनगट झटकून सोडलं. "पयले दगड पडे तं आमी भांडत तरी होतो. तू आली आन आमचं भांडनच बंद केलं. मंग हे."

 पुष्पांजलीला उत्तरं खूप सुचली, पण त्यातलं एकही त्या लाल पाण्यासमोर टिकत नव्हतं. ती वळली आणि जशी आली होती तशी खदानीकडं धावली.

क्रशरमागं बारीक चुरीचा डोंगर पडून होता. त्याच्याशेजारी डंपर उभा, आणि डंपरवर शालीकराम, तेंदूटोल्याचाच ड्रायव्हर.

"शालीकराम, चुरी भर. तलावावर न्यायची आहे. लोडरवाल्यालाही बोलाव."

"अरे, अरे!" सेठ मधे आला. "पहले माल उठेगा. शाम तक गाडियाँ आ रही हैं. तलाव का हम बाद में देख लेंगे, सरपंच से बात हो जाएगी."

"पाळ फुटली तर बाद में काय बघाल? गाव?"

"आवाज नीचे, बेटा. गाडी मेरी है."

"गाडी तुमची आहे. खोटं बोलून मला गोंदियाला पाठवायची अक्कलही तुमचीच." तिचा आवाज खाली आला नाही, उलट चढला. "आराम से आना! लाज वाटली नाही? माझ्या नावावर गावाला गप्प केलं, माझ्या आखणीवर माल काढला, आणि जी एक गोष्ट सांभाळायची ती माझ्या पाठीमागं मोडली!"

शालीकराम आळीपाळीनं दोघांकडं बघत होता. त्याच्या स्वतःच्या कडपा खाली पाण्यात होत्या. त्यानं किल्ली फिरवली.

सेठ त्याच्यावर ओरडायला वळला, आणि त्याच वेळी पुष्पांजलीचं लक्ष ढिगाकडं गेलं. पोकलेन मशीन दगड उपसायला ढिगावर चढत होतं. त्याच्या पुढं, न फुटलेल्या कोपऱ्यातल्या एका भोकातून लाल कॉर्डचा तुकडा लोंबत होता. तुटलेला.

ती थेट पोकलेनच्या समोर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात वर करून. ऑपरेटरनं घाबरून मशीन थांबवलं. "बंद कर! उतर खाली! जसा चढला तसाच मागं उतर, बकेट हलवू नको!" मग बाकीच्यांना, "सगळे मागं! भोक जिवंत आहे!"

एकच कॉर्ड सगळ्यांना जोडली होती. उडताना पुढच्या दगडानं मागची कॉर्ड तोडली, आणि कोपऱ्यातलं ते भोक बारुदासकट तसंच राहिलं. पोकलेनचा दात त्याच्यावर बसला असता, तर ऑपरेटरचं काय झालं असतं हे तिथं कुणाला सांगावं लागलं नाही. माणसं मागं सरली.

सेठ जवळ आला. या वेळी त्याचा आवाज अगदी मऊ होता. "एक होल है. उस साइड से माल उठा लेते हैं. किसी को बोलने की जरूरत नहीं."

पुष्पांजलीनं फोन काढला.

"सोच लो. इन्स्पेक्टर आया तो खदान बंद. ये सब घर बैठेंगे. तुम्हारे ही लोग हैं, मेरे नहीं."

"ते मेले असते तर कुणाचे लोक होते?" तिनं विचारलं आणि त्याच्याकडं बघत बघत नंबर लावला.

मग तिनं ढिगाभोवती दोरी बांधून पहारा बसवला आणि ती डंपरच्या मागोमाग तलावावर गेली. दिवस मावळेपर्यंत सगळं गाव पाळीवर होतं. पोत्यांमध्ये चुरी भरली, तनसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, बिंडे केले, चिकणमाती आणली. पोहता येणारे आतल्या बाजूनं पाण्यात उतरले आणि तुडमाच्या तोंडाशी पोती रचत गेले. पुष्पांजली कमरेभर पाण्यात उभी राहून पोती पुढं देत होती. तिच्या शेजारीच शांतीबाई होती. दोघींच्या हातांतून पोतं जात होतं, पण शांतीबाई तिच्याकडं न बघताच पुढच्याला हाका मारत होती. शेवटी लाल पाणी पातळ झालं, मग नितळ झालं, मग नुसतं झिरपत राहिलं. पाळ वाचली. अर्धा तलाव गेला.

दुसऱ्या दिवशी खाणखात्याचे इन्स्पेक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि खदान बंद केली. पण जिवंत भोक तसं सोडता येत नव्हतं. नियम असा की ज्यानं भरलं त्याच्यासमोरच ते निकामी करायचं. म्हणजे भोजराज, आणि देखरेखीला पुष्पांजली. जुन्या भोकापासून अंतर राखून, त्याला समांतर नवं भोक पाडायचं, त्यात हलकासा सुरुंग भरायचा आणि दोन्ही एकत्र उडवायची. ड्रिलची दिशा जरा वाकडी झाली तर ड्रिल करणाराच उडतो. इन्स्पेक्टर लांब आडोशाला उभे राहिले. ढिगावर दोघंच.

भोजराजनं ड्रिल टेकवली. ती पाण्याचा पाइप धरून बाजूला उभी होती. 

"फोन काऊन नाही केला?" तिनं विचारलं.

"आता नोका काढू जी ते."

"आताच काढते. काऊन नाही केला?"

त्यानं ड्रिल खाली ठेवली. "केला असता तं सेठनं हाकललं असतं. तुमाले नागपूरले नोकरी भेटन, कोठीबी भेटन. मले कोन देते? आन तुमी तं आता खदानच बंद केली! पोकलेनवाला घरी, क्रशरवाले घरी. तुमच्या रागापायी."

"माझ्या रागापायी? गावाची पाळ फोडली कुणी?"

"मले वाटलं, तुमचंच आखलेलं आहे!" तो एकदम ओरडला. "तुमचं आखलेलं कधी चुकत नाई. मंग एक गोष्ट कमी केली तं का होते, असं वाटलं मले!"

 टोप्या कशा जोडायच्या हे तिनं त्याला हात धरून शिकवलं होतं. त्या काढून घेतल्या तर काय होईल, हे तिनं मांडवाचं उदाहरण देऊन गावाला सांगितलं. भोजराजला कधी बसवून सांगितलं नव्हतं. गरजच वाटली नव्हती. तिला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला, आणि स्वतःच्याही.

"हात थरथरून राहिले तुमचे," ती म्हणाली.

"रागानं."

"माझेही. दोघं बसू. हात थांबले की मगच ड्रिल लावायची."

ते दोघं तिथंच, जिवंत भोकाजवळ, दगडावर बसले. कुणी कुणाला समजावलं नाही, कुणी माफी मागितली नाही. बऱ्याच वेळानं भोजराजनं तळवा पुढं करून बघितला, तिनंही बघितला. मग तो उठला. त्यानं ड्रिल लावली, तिनं पाणी धरलं, आणि कोन ती सांगेल तसा त्यानं केसभरही हलू दिला नाही. दुपारी दोन लहान धमाके झाले, एकाला लागून एक. तिनं जाऊन दगड न् दगड तपासला. भोक निकामी झालं होतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. खदानीतली माणसं तिला शिव्या देत होती, पोट मारलं म्हणून. गाव शिव्या देत होतं, शब्द मोडला म्हणून. पाटाच्या शेपटाच्या, शेवटच्या बांध्यांमधलं भारी धान पाण्यावाचून पोचट राहिलं. तिनं नोकरी सोडली होती, पण रोज संध्याकाळी तिचं डोकं खदानीतच असायचं.

थंडीत सेठ तिच्या वडिलांच्या घरी आला, मिठाईचा डबा घेऊन. खदान पुन्हा सुरू करायची परवानगी मिळत होती, अट एवढीच की सुरुंगाचं काम जाणत्या इंजिनियरच्या हाती हवं. "गुस्सा थूक दो, बेटा. तुम्हारे बिना प्रोडक्शन आधा रह जाएगा. जो हुआ सो हुआ."

"जे झालं ते झालं नाही," ती म्हणाली. "ते तुम्ही केलं. तलावाकडचा भाग कायमचा बंद, असं गावसभेत उभं राहून, तुमच्या तोंडानं सांगा. तुडमाला लागेल तो दगड द्या. टोप्यांशिवाय एकही सुरुंग नाही. हे करा, आणि मग दुसरा इंजिनियर शोधा. मी येणार नाही."

"फिर मैं ये सब क्यों करूँ?"

"कारण इन्स्पेक्टरला मी सगळं लिहून दिलं आहे आणि विचारलं तर पुन्हा सांगेन." तिनं डबा उचलून त्याच्या हातात परत दिला. वडील आतून बाहेर आले होते. त्यांनी सेठला बसाही म्हटलं नाही.

सेठनं गावसभेत सांगितलं. तोंड वाकडं करून, घाईघाईनं, पण सांगितलं. दगडही पाठवला. पुष्पांजलीला तुमसरकडच्या एका मँगनीज खाणीत काम मिळालं.

उन्हाळ्यात तलाव आटल्यावर तुडूम उकलायला घेतलं. ती सुट्टी काढून आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि आल्यावर कुणी जा म्हटलं नाही. शांतीबाईनं तिला पाहिलं आणि म्हणाली, "माया राग गेला नाई, सांगून ठेवतो."

"माझाही नाही गेला, मावशी."

"मंग ठीक आहे. चिखल तुडव."

दगड बसवून भोवती चिकणमाती भरायची होती, थर ओला आहे तोवर पायांनी तुडवायची. ऊन असं होतं की माती बघता बघता वाळत होती. मधेच भोजराज आला. खदान सुरू झाली होती, त्याला पुन्हा घेतलं होतं. तो पाळीवर उभा राहिला. बायकांनी माना फिरवल्या. कुणीतरी त्याच्याकडं एक घमेलं सरकवलं.

तो माती भरून खाली उतरला आणि कुठं टाकावी म्हणून घुटमळला.

"इकडं टाका," पुष्पांजली वर न बघता म्हणाली. "दगडाजवळचा थर झाला. थोडी मागं."

"होय जी."

त्यानं टाकली. ती तुडवायला लागली.